सत्तर मीटर आणि अर्धी वीत : शाळेच्या भिंतीवरच्या कामाच्या नोंदी

१८ जून २०२४

शाळा उघडून दोनच दिवस झालेत. सातवीला विचारलं, शेती सुरू व्हायच्या आधीचा माणूस कसा होता? हात भराभर वर आले. "रानटी होता, बाई." "कच्चं मांस खायचा." "रानोमाळ भटकायचा, मग शेती शिकला आणि माणसात आला." शेवटचं वाक्य तर दोन वह्यांत जसंच्या तसं लिहिलेलं सापडलं.

'माणसात आला' हे शब्द दिवसभर डोक्यातून गेले नाहीत. आमची शाळा घोड नदीच्या काठी. जवळच इनामगाव. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव तिथे जमिनीतून वर आलं. कुकडी पुढे आमच्या घोडेला मिळते, तिच्या काठी जुन्नर तालुक्यात बोरीला त्याहून कितीतरी जुनी दगडी हत्यारं मिळालीत. आणि आमच्याच मुलांना वाटतं की माणसाची सुरुवात पेरणीपासून झाली.

या वर्षीचा प्रकल्प ठरला. चिंचेपासून फाटकापर्यंतची कंपाउंडची भिंत टेपने मोजली, ७३ मीटर भरली. प्रमाण घ्यायचं १ सेंटिमीटरला १,००० वर्षं. फाटकाशी आजचा दिवस, चिंचेच्या बाजूला ७० लाख वर्षांपूर्वीचा काळ. सुरुवातीचे तीन मीटर शीर्षकासाठी.

२७ जून

खडूने खुणा केल्या. मोजणी फाटकापासून मागे. पहिला खडू चिंचेजवळ ७० मीटरवर. तिथे 'तुमाई', माणसाच्या कुळातली बहुधा सर्वांत जुनी कवटी, आफ्रिकेतल्या चाड देशाच्या वाळवंटात २००१ साली मिळालेली. ४४ मीटरवर 'आर्डी', इथिओपियात मिळालेला त्याच कुळातला सांगाडा. ३६.६ वर टांझानियातल्या लेतोलीची पावलं. ३३ वर केनियातल्या लोमेक्वीचे फोडलेले दगड, आजवर मिळालेल्यांत सर्वांत जुने. ३२ च्या जरा अलीकडे लूसी, तिचाही सांगाडाच मिळाला. मग बराच वेळ चालत राहायचं. १५ ते १६ मीटरच्या मध्ये तुर्काना सरोवराजवळचा मुलगा, ज्याचा सांगाडा १९८४ मध्ये मिळाला. त्याच्याजवळच आपल्या देशातली पहिली ठळक खूण, चेन्नईजवळचं अत्तिरमपक्कम. पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दगडी हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं काढलं. १० मीटरवर दक्षिण आफ्रिकेच्या वंडरवर्क गुहेतली विस्तवाची राख. आपल्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाची मोरोक्कोतली जेबेल इर्हूदची हाडं फाटकापासून फक्त ३ मीटरवर.

शेतीची खूण करायची वेळ आली तेव्हा मुलं फाटकाशी गोळा झाली. साडेअकरा सेंटिमीटर. विटीदांडूत वितीने मोजायची सवय असलेल्या एकाने अंगठा आणि करंगळी ताणून भिंतीला लावली आणि म्हणाला, "बाई, ही तर अर्धी वीत!" बरोबर. वीत म्हणजे नऊ इंच, तिची अर्धी. शिवराज्याभिषेक कुठे येतो ते पाहिलं तर साडेतीन मिलिमीटरवर. खडूची रेघच त्याहून जाड आहे.

मग सगळ्यांनी मागे वळून चिंचेपर्यंतच्या भिंतीकडे पाहिलं. पुढचा प्रश्न एका मुलीचा, आणि तोच आता या सगळ्या कामाचा प्रश्न झाला आहे : "मधल्या मोकळ्या भिंतीवर काय काढायचं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतंही.

५ जुलै

भिंतीवर रंग चढायच्या आधीच एक खूण हलवावी लागली. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गुहेतलं रानडुकराचं चित्र, ते आम्ही ४५.५ सेंटिमीटरवर लावलं होतं. परवाच बातमी आली की त्याच बेटावर लेआंग कारामपुआंग इथल्या चित्राचं वय किमान ५१,२०० वर्षं निघालं. त्यातही डुक्कर आहे, आणि त्याच्याभोवती माणसासारख्या तीन आकृत्या. मुलांनी जुनी खूण तशीच ठेवून ५.७ सेंटिमीटर मागे नवी खूण केली.

एकाला काळजी वाटली, की असं बदलत राहिलं तर परीक्षेत कोणतं लिहायचं? त्याला सांगितलं की तारीख बदलली ती नवा पुरावा मिळाला म्हणून, आणि तो कुणी तरी गुहेत बसून चित्रावर साचलेल्या चुन्याच्या थरातून काढला म्हणून. तो थर चित्रानंतर बसला, म्हणून चित्राचं वय 'किमान' इतकं. हे त्याला पटलं. 'किमान' हा शब्द त्याने स्वतः खडूने लिहिला.

२० जुलै

पाऊस चांगला झाला. नदीच्या कडेला मऊ गाळ होता, म्हणून मुलांना अनवाणी चालायला नेलं.

लेतोलीत घडलं ते असं. ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पावसाची सर आली, ओल्या राखेतून काही जीव दोन पायांवर चालत गेले, मग ती राख सिमेंटसारखी घट्ट झाली आणि वर आणखी राख पडून झाकली गेली. ३६ लाख ६० हजार वर्षांनी, १९७८ साली, मेरी लीकी यांच्या तुकडीने ती पावलं उघडी केली. सुमारे २७ मीटर लांबीची वाट. आम्हीही गाळात २७ मीटर मोजून दोरी लावली.

मुलांनी ओळीने चालून पाहिलं, मग स्वतःच्याच ठशांवर वाकून बसली. टाच खोल, मधली कमान उथळ, अंगठा बाकी बोटांच्या रांगेत. माकडाचा अंगठा बाजूला असतो, फांदी धरायला. लेतोलीच्या ठशात तो आपल्यासारखा पुढे वळलेला आहे. मेंदू मात्र तेव्हा लहान होता. लूसीच्या जातीचा साधारण अर्ध्या लिटरहूनही कमी, आपला त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे आधी पाय झाले, डोकं फार नंतर. 'डोकं चालायला लागलं म्हणून माणूस उभा राहिला' असं मीही लहानपणी ऐकलं होतं. भिंतीवर ३६ मीटरला पावलं आहेत आणि मोठा मेंदू कुठेच नाही, हे मुलांनी दोरी धरून पाहिलं.

लूसीबद्दल थोडं. २४ नोव्हेंबर १९७४ ला इथिओपियातल्या हदार इथे मिळाली. सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग. उंची साडेतीन फूट, म्हणजे आमच्या पहिलीतल्या मुलीएवढी. इथिओपियात तिला 'दिंकिनेश' म्हणतात. पहिलीतल्या एकीला भिंतीशी उभं करून तिच्या डोक्याची खूण केली, लूसीचं चित्र त्याच उंचीचं निघेल.

१० ऑगस्ट

दगड फोडण्याचा दिवस. नदीतून गारगोट्या आणि घोटीव काळ्या दगडाचे गोटे आणले. जमिनीवर गोणपाट अंथरलं, मी डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे घातले, मुलं पाच पावलं लांब. फोडणार मी एकटी.

पहिल्या सात-आठ गारगोट्यांचा भुगा झाला. मी जोर लावत होते, कोन पाहत नव्हते. दगडाची कड काटकोनापेक्षा थोडी आत वळलेली असली तर तिच्या अगदी जवळ घाव घालायचा आणि हात खाली सरकत न्यायचा. तसा घाव बसला की आवाजच बदलतो. 'ठक' ऐवजी काचेसारखा 'टिंग', आणि खालच्या बाजूने एक कपची सुटून गोणपाटावर पडते. अशी पहिली कपची पडली तेव्हा आख्खा वर्ग ओरडला.

ती उन्हात धरून पाहिली. एक बाजू नदीत घासलेली, खडबडीत तपकिरी. दुसरी बाजू ताजी, मेणासारखी चमकणारी, घाव बसला तिथे हरभऱ्याएवढा फुगवटा, आणि त्याच्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे तरंग. कड इतकी पातळ की तिच्यातून उजेड दिसतो. मूळ दगडावर तेवढाच खळगा. एका मुलीने कपची उचलून खळग्यात बसवली, ती जिथल्या तिथे बसली, जोड दिसेना. नदीत आपोआप फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड यांत फरक कसा करतात, ते यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही. फुगवटा आणि खळगे शोधायचे.

त्या कपचीने बाजरीचं ताट कापलं, सुतळी कापली, जुन्या चपलेचं चामडं कापलं. मोजा फाटून माझ्या अंगठ्यालाही थोडं लागलं, पुढच्या वेळी चामडी मोजे आणायचे.

आणि हे तर फक्त कपची काढणं. हातकुऱ्हाडीला दोन्ही बाजूंनी एकाआड एक, पुढचा घाव कुठे घालायचा ते आधीच्या घावाला ठरवून, कितीतरी कपच्या काढत पानासारखा आकार आणावा लागतो. नेवाशाजवळ चिरकीला, प्रवरेच्या काठी, गुडरुन कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन केलं, त्यात अशा हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या आहेत. तो आकार ज्याच्या डोक्यात आधी तयार होता आणि जो तो शेजारी बसलेल्याला शिकवू शकत होता, त्याला आम्ही वहीत रानटी लिहिलं होतं. दोन मुलांनी मला न विचारता तो शब्द खोडला.

३१ ऑगस्ट

मुगाची तोडणी चालू आहे, म्हणून काही मुलं उशिरा आली. एकीची आजी तिला सोडायला आली होती, तिलाच वर्गात बसवलं आणि विचारलं, "आजी, मूग सकाळीच का तोडायचा?"

आजी म्हणाली, "दव हाय तवर तोडावा, बाई. ऊन चढलं का शेंगा हातातच फुटत्यात. निम्मं रानातच सांडतं. तिळाचं तर त्याहून वंगाळ, बोंडं उभ्या उभ्या उघडत्यात."

शेतीच्या सुरुवातीबद्दल मला जे सांगायचं होतं, त्याचं मूळ या चार वाक्यांत आहे.

रानातल्या झाडाला दाणे सांडायचेच असतात, नाही तर पुढच्या वर्षी उगवायचं कसं? रानटी गव्हाची, जवाची ओंबी पिकली की तिचा कणा सांध्यासांध्यात मोडतो आणि दाणे खाली पडतात. एखाद्याच रोपात जन्मतःच फरक असतो, त्याची ओंबी मोडत नाही. रानात त्या रोपाचा वंश खुंटतो. पण माणसं विळ्याने कापणी करायला लागली, की सांडलेले दाणे रानात राहतात आणि न सांडणारे घरी येतात. त्यातलंच बी पुन्हा पेरलं, पुन्हा कापलं, असं होत होत न सांडणारं पीक वाढत गेलं. कुणी ठरवून केलं नाही. पश्चिम आशियातल्या जुन्या वस्त्यांत जळलेल्या ओंब्या मिळतात, त्यांच्या सांध्यावरचा व्रण भिंगाखाली पाहतात. गुळगुळीत असेल तर ओंबी आपोआप मोडली, रानटी. फाटलेला असेल तर झोडपून मोडली, घरची. दोन्ही प्रकार एकत्र मिळतात, आणि एकाने दुसऱ्याची जागा पुरती घ्यायला दोन-तीन हजार वर्षं लागली. भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर.

म्हणजे एका सकाळी कुणाला तरी शेती सुचली असं झालंच नाही. ज्या लोकांनी हे केलं ते शेतकरी नव्हते, रानातून दाणे वेचणारेच होते, आणि त्यांना झाडांची माहिती आजीइतकीच होती. गालील सरोवराच्या काठी ओहालो इथे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्या मिळाल्या. १९८९ मध्ये पाणी उतरलं तेव्हा त्या दिसल्या. आत रानटी जव, गहू आणि दाणे भरडायचा दगड. जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळालेत. शेतीच्या आधी भाकरी! हे ऐकून आजी कितीतरी वेळ 'अगं बया, अगं बया' करत होती.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लान यांनी १९६० च्या दशकात तुर्कस्तानात गारगोटीच्या धारेच्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला. तासाला साधारण एक किलो स्वच्छ दाणा मिळाला. तीन आठवडे राबलं तर एका कुटुंबाला वर्षभर खाऊन उरेल इतका. मग पेरायची गरज का पडली? हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आहे.

२१ सप्टेंबर

पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मुलांना नेलं. शिवाजीनगरपासून पुढे वाहतुकीत बराच वेळ गेला, पण आत गेल्यावर मुलं शांत झाली.

इनामगावचं उत्खनन याच संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं मुलांनी लिहून घेतली. तीन काळ, भांड्यांच्या धाटणीवरून नावं पडलेले : माळवा, आद्य जोर्वे, उत्तर जोर्वे. इसवी सनपूर्व १६०० ते ७००. आमच्या भिंतीवर ३.६ ते २.७ सेंटिमीटर. शंभराहून अधिक घरं. जव मुख्य, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. पाण्यासाठी पाट काढलेला. दगडाची पाती तेव्हाही चालू होती, कारण तांबं थोडं आणि महाग. म्हणजे इथल्या पहिल्या शेतकऱ्याने जव कापला तो गारगोटीच्याच पात्याने.

जोर्वे भांड्यांचा तांबडा रंग आणि त्यावरच्या काळ्या रेघा मुलांना आवडल्या. तोटीची भांडी पाहून 'ही तर आपली झारी' असं एकजण म्हणाला.

लहान मूल गेलं तर इनामगावची माणसं त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरत. सांकलियांच्या पिढीपासून अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला, की गेलेल्याने दूर जाऊ नये, घरीच राहावं. मी हे सांगताना एक मुलगा रडला. गेल्या वर्षी त्याची धाकटी बहीण गेली. बसमध्ये तो माझ्या शेजारी बसून होता. गावाजवळ आल्यावर म्हणाला, "त्यांनी बाळाला घरातच ठेवलं, ते बरं केलं."

१६ ऑक्टोबर

परतीचा पाऊस थांबला, चुना मारून झाला. आज पंचायत समितीत बैठक होती म्हणून मी दुपारी शाळेत नव्हते. संध्याकाळी येऊन पाहते तर पेंटरमामांनी भिंतीच्या मधोमध मोठं चित्र काढलेलं. वाकलेलं माकड, थोडं ताठ माकड, केसाळ माणूस, भालेवाला, आणि शेवटी फेटा बांधलेला शेतकरी. पाचही एका रांगेत, सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. चित्र सफाईदार होतं. मामांनी मनापासून केलं होतं आणि मी आधी नीट सांगितलं नव्हतं, चूक माझीच.

पण ते ठेवता येत नाही. त्या रांगेचा अर्थच असा होतो की प्रत्येक जण पुढच्यासाठी जागा करून देतो आणि सगळे मिळून शेतकऱ्याकडे निघालेत.

१९ ऑक्टोबर

मामांना घेऊन नदीवर गेले. कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला. वरच्या अंगाला कितीतरी ओढे फुटतात, काही वाळूत जिरतात, काही वेगळे होऊन पुढे पुन्हा मिळतात. म्हटलं, मामा, माणसाच्या जाती अशा काढायच्या.

फाटकापासून ६० सेंटिमीटरवर उभं राहिलं तर पृथ्वीवर एकाच वेळी आपण आहोत, युरोपात आणि पश्चिम आशियात निएंडरथल आहेत, सायबेरियाच्या डेनिसोव्हा गुहेत आणखी एक जात आहे, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर साडेतीन फुटांची माणसं आहेत, फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावर आणखी एक. निएंडरथलचा ओघ ४० सेंटिमीटरच्या आसपास जिरला. पण पुरता नाही. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या माणसांत, आमच्या वर्गातल्या प्रत्येकात, त्यांचा एक-दोन टक्के वारसा आहे. जुन्या हाडांतून हे वाचून दाखवणाऱ्या स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

मामा बराच वेळ संगमाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मॅडम, मग निळा एकच रंग नको. मिळताना रंग मिसळला पाहिजे." तसंच केलं. भिंतीवरून आता एक नदी जाते, चिंचेकडे बारीक धारा, मधे रुंद, जागोजागी फाटे, फाटकाजवळ एकच पात्र आणि त्यात तीन रंगांच्या शिरा.

बोरीच्या राखेची खूण अजून अडली आहे. सुमात्रातला तोबा ज्वालामुखी इथून तीन हजार किलोमीटरच्या पलीकडे, त्याची पांढरी राख कुकडीच्या काठात दिसते. ती ७४,००० वर्षांपूर्वीच्या प्रचंड स्फोटाची, की त्याहून फार जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. हत्यारांचं वय त्यावर ठरतं. आम्ही दोन्ही जागी पांढरा ठिपका दिला आणि मधे तुटक रेघ.

२७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग निवडणुकीचं काम, महिना गेला. परवा २५ तारखेला शाळेच्या मागच्या वाफ्यात जव पेरला.

अर्ध्या वितीत शेतीबद्दल काहीच लिहिता येत नाही म्हणून व्हरांड्यात १२ मीटरची वेगळी पट्टी केली, १ सेंटिमीटरला १० वर्षं. त्यावर पश्चिम आशियात गहू-जव, चीनमध्ये भात आणि राळा, मेक्सिकोत मका आणि भोपळा, न्यू गिनीत केळी, दक्षिण भारतात मूग आणि कुळीथ. एकमेकांना न विचारता ठिकठिकाणी झालं. फळ्यावरच्या प्रश्नाला मुलांनी इथून उत्तरं काढली. हिमयुग संपून हवामान स्थिर झालं, माणसं वाढली, काही ठिकाणी लोक आधीच एका जागी राहायला लागले होते. एक मुलगी म्हणाली, "लहान मूल असलं की लांब जाता येत नाही." मला तिचं उत्तर सगळ्यांत मोलाचं वाटलं.

हेही लिहून घेतलं, की शेती लागल्यावर बऱ्याच ठिकाणी माणसांची उंची कमी झाली आणि दात जास्त किडले. हाडं ते सांगतात. धान्य साठलं, लेकरं जास्त जन्मली आणि माणसं वाढली, पण एका-दोन पिकांवर पोट आलं.

१४ डिसेंबर

मोकळ्या भिंतीचं उत्तर सापडलं, तेही ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या एका मुलीकडून. ती पंधरा दिवसांपूर्वी वर्गात आली. कुणीतरी 'भटके लोक' म्हणालं तशी ती मान खाली घालून बसली. मी तिला विचारलं, घरून निघताना काय काय आणता? तिने बोटांवर मोजलं : पीठ, भांडी, कोयते, कोपीच्या चटया आणि बांबू, गोधड्या, कोंबड्या. "जातं न्हाई आणत. जड असतं." एका संध्याकाळात कोपी कशी उभी करतात ते तिने काड्या रोवून दाखवलं, कुठल्या अंगाला दार ठेवायचं तेसुद्धा. वर्गातल्या एकालाही ते येत नाही. भिंतीचे जवळजवळ सत्तर मीटर असंच, अंगावर पेलेल तेवढं घेऊन, वाटेची सगळी माहिती डोक्यात ठेवून जगलेल्या माणसांचे आहेत.

तिनेच विचारलं, "त्यांचे हात काढले तर?"

हिशेब केला. बोटं पसरलेला मुलाचा ठसा साधारण १२ सेंटिमीटर, म्हणजे १२,००० वर्षं. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर एका हातात ४८० पिढ्या. सत्तर मीटरला ५८३ हात. पट ११२, म्हणून गाव बोलावलं.

गेरू वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवला. नुसत्या पाण्यातला पुसला जात होता. गेरू माणसाचा फार जुना रंग. दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॉम्बोस गुहेत ७० हजार वर्षांहून जुन्या गेरूच्या तुकड्यावर कोरलेल्या तिरप्या रेघा आहेत. रेघांची तशीच जाळी शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणे इथे मिळाली, साधारण २५,००० वर्षांपूर्वीची. तेव्हा खानदेशात शहामृग होते.

सकाळपासून रांग. आया, ऊसतोडीची टोळी, ग्रामपंचायतीचे सदस्य, दुकानदार. एका आजोबांचा उजवा हात पक्षाघाताने गेलेला. ते मागे सरकत होते. त्यांना इराकमधल्या शानिदर गुहेतल्या निएंडरथल पुरुषाबद्दल सांगितलं. एक हात वाळलेला, एका डोळ्याला मार बसलेला, तरी चाळिशीपर्यंत जगला, म्हणजे कुणीतरी त्याला खाऊ घातलं, सांभाळलं. जॉर्जियातल्या द्मानिसीला तर सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची, दात पडून हिरडी भरून आलेली कवटी आहे. आजोबांनी नातवाला आपला वाळलेला हात गेरूत बुडवायला सांगितलं. तो ठसा १७.७ मीटरवर आहे.

१३ जानेवारी २०२५

भोगी. डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी. व्हरांड्याच्या पट्टीवर आज दोन खुणा वाढल्या. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, ज्वारी आणि नाचणीही आफ्रिकेच्याच. तीळ मात्र आपल्या उपखंडातला. एकाच भाकरीत दोन्ही. माणसाची सुरुवात आफ्रिकेतली हे मुलांना आता पाठ आहे, पण रोजची भाकरीही तिथून आली याचं त्यांना जास्त नवल वाटलं.

१९ मार्च

जव पिकला. बांबूला खाच पाडून राळ आणि मेण गरम करून ओतलं, त्यात गारगोटीची पाच पाती ओळीने बसवली. एक पातं दुसऱ्याच झटक्याला निसटलं, पुन्हा बसवलं. कापताना झटका द्यायचा नाही, मूठभर ताटं धरून ओढत कापायचं, हे दहा मिनिटांत हाताला कळलं. वाफा पाऊण तासात झाला. पात्यांच्या कडेवर हलकी चकाकी आल्यासारखी वाटते. उत्खननातल्या पात्यांवर अशीच चकाकी असते, कापलेल्या गवताची. भिंगाने पाहायचं आहे.

ओंब्या सुपात झोडपल्या. सांध्याचे व्रण मुलांनी एकेक करून भिंगाखाली पाहिले. सगळे फाटलेले.

मुगाची आजी आली होती. फाटकाजवळची शेवटची जागा तिच्यासाठी ठेवली होती. गेरू नव्याने कालवला. तिचा हात मोठा, शेतीची पूर्ण खूण त्याखाली झाकली गेली, आणि इनामगाव तिच्या अंगठ्याखाली आलं. हात धुऊन तिने विचारलं, "आन हे सुरू कुठून व्हतं?"

ऊसतोडीची मुलगी तिचं बोट धरून चिंचेकडे निघाली. वाटेत प्रत्येक हाताशी थांबत होत्या. शाळा सुटायची घंटा झाली तेव्हा त्या लूसीपाशी होत्या.